मामाचं नाव आणि दिल्लीचे सहा दिवस

हिचा, म्हणजे माझ्या बायकोचा, धाकटा मामा मराठा लाइट इन्फंट्रीत होता. सुट्टीवर येताना तो बेळगावचा कुंदा आणायचा, एवढंच हिला आठवतं. तेव्हा ही सहा वर्षांची होती. डिसेंबर 1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धात, जमालपूरच्या लढाईत मामा कामी आला. गावात तार आली, माणूस आला नाही, राखही आली नाही. काही महिन्यांनी त्याची पत्र्याची ट्रंक तेवढी आली. ती अजून मामींच्या माजघरात आहे.

25 फेब्रुवारी 2019 ला दिल्लीत राष्ट्रीय युद्ध स्मारकाचं उद्घाटन झालं. स्वातंत्र्यानंतर देशासाठी प्राण दिलेल्या पंचवीस हजारांहून जास्त जवानांची नावं तिथं कोरली आहेत, हे कळल्यापासून हिनं एकच धरलं होतं: "अहो, एकदा मामाचं नाव बघून येऊ." मामींचे गुडघे गेलेत, त्यांना प्रवास झेपत नाही. मी निवृत्त झालो आणि मार्च 2025 चा पहिला आठवडा आम्ही ठरवला. हनिमूनला महाबळेश्वरच्या पुढं गेलो नव्हतो, त्यामुळे दोघांनीच केलेला हा पहिला मोठा प्रवास.

जाण्याआधी स्मारकाच्या संकेतस्थळावर नाव शोधायला बसलो. तिथं हुतात्म्यांची यादी आहे. पण आपलं आडनाव इंग्रजीत लिहिताना कुणी एक अक्षर वाढवतं, कुणी गाळतं. तीन संध्याकाळी गेल्या, नाव काही सापडेना. ही गप्प झाली. शेवटी मामींच्या पेन्शनच्या कागदांची पिशवी मागवली. त्यात पिवळ्या पडलेल्या एका कागदावर मामाचा शिपाई नंबर होता. नावाच्या तीन-चार स्पेलिंगांनी जे जे समोर आलं, ते ते त्या नंबराशी ताडून पाहिलं आणि जुळलं. आडनावात भलताच स्वर होता, म्हणून इतके दिवस सापडत नव्हतं. ज्यांना आपल्या घरातलं नाव शोधायचं असेल, त्यांनी पहिल्याच दिवशी नंबर, पलटण आणि साल हाताशी ठेवावं. घरात कागद नसतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं.

गोवा एक्सप्रेस साताऱ्यावरूनच जाते आणि थेट निजामुद्दीनला सोडते, म्हणून तीच धरली. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. गाडी साताऱ्याला मध्यरात्र उलटल्यावर येते, त्यामुळे तारीख आपल्या स्टेशनची धरायची की गाडी सुटायची, यात गोंधळ होतो. मी दोनदा तपासली. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत 2020 पासून बंद आहे, पण खालच्या बर्थसाठी वयाचा उपयोग होतो. दोन्ही बर्थ खालचे मिळाले.

दिल्लीचा कार्यक्रम आखताना मी आधी प्रेक्षणीय स्थळांची यादी केली नाही, कोणता दरवाजा कधी बंद असतो त्याची केली. लाल किल्ला, राष्ट्रपती भवन, गांधी स्मृती, वस्तुसंग्रहालयं, अक्षरधाम, कमळ मंदिर हे सगळं सोमवारी बंद. कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर सोमवारीही उघडी. आग्र्याचा ताजमहाल शुक्रवारी बंद. ही यादी झाली की अर्धा कार्यक्रम आपोआप जमतो. आम्ही गुरुवारी पहाटे पोचणार होतो, म्हणून सोमवार कुतुबला आणि मंगळवार आग्र्याला ठेवला.

राष्ट्रपती भवनाची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते. फॉर्ममध्ये नाव आणि ओळखपत्राचा नंबर भरायचा असतो. मी हिचं नाव घाईत घरी म्हणतो तसं भरलं आणि पाठवून बसलो. आधारवर पूर्ण नाव वेगळं. मग ते आरक्षण रद्द करून आधार समोर ठेवून अक्षर अन् अक्षर बघत पुन्हा भरलं. मूळ आधार कार्ड सोबत ठेवायचं, फोटोकॉपीवर विसंबायचं नाही.

मुक्काम करोल बागेत केला, कारण मेट्रो पायाशी होती. पहिल्याच स्टेशनवर दोन कार्डं घेतली आणि सहा दिवस त्यावर फिरलो. ही पहिल्या डब्यात, बायकांच्या, आणि मी दुसऱ्यात. राजीव चौकला गर्दीत एकदा चुकामूक झाली, तेव्हापासून आमचं ठरलं: दार उघडल्यावर कुणी हलायचं नाही, तिनं डब्याच्या दाराजवळ थांबायचं आणि मी तिच्याकडं जायचं.

निजामुद्दीनला उतरल्यावर मात्र एक कडू प्रसंग घडला. बाहेर एका रिक्षावाल्यानं आस्थेनं विचारलं, कुठून आलात. मग सांगितलं की तुमच्या हॉटेलकडचे रस्ते कार्यक्रमामुळे बंद आहेत, आधी पर्यटन कार्यालयात चौकशी करून घेऊ. ते कार्यालय म्हणजे एका गाळ्यातलं ट्रॅव्हलचं दुकान होतं. तिथल्या माणसानं आमच्यासमोरच फोन लावला आणि हॉटेलचं आरक्षण रद्द झाल्याचं सांगून दुसरं महागडं हॉटेल दाखवायला लागला. ही शांतपणे उठली, माझ्या हातातली पावती घेतली आणि पावतीवरच्या नंबरला स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला. हॉटेलवाला म्हणाला, "खोली तयार आहे, या." आम्ही पिशव्या उचलल्या आणि बाहेर पडलो. अनोळखी शहरात दुसऱ्यानं लावून दिलेल्या फोनवर विश्वास ठेवायचा नाही, हे हिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

त्याच दिवशी संध्याकाळी स्मारकावर गेलो. केंद्रीय सचिवालय स्टेशनला उतरून कर्तव्य पथानं रिक्षा केली. इंडिया गेट समोर आलं की सगळे तिथंच फोटो काढत थांबतात. 42 मीटर उंचीची ती कमान आहेच तशी. तिच्यावर पहिल्या महायुद्धातल्या आणि तिसऱ्या अफगाण युद्धातल्या तेरा हजारांहून अधिक सैनिकांची नावं आहेत. पण आम्ही थांबलो नाही. युद्ध स्मारक तिच्या मागच्याच बाजूला आहे. तिकीट नाही.

रचना एकात एक वर्तुळांची आहे. मधोमध अमर चक्र, तिथं स्तंभ आणि अखंड ज्योत. त्याभोवती वीरता चक्र, त्यात ब्राँझची मोठी शिल्पं. त्याच्या बाहेर त्याग चक्र, म्हणजे सोळा भिंती, आणि प्रत्येक जवानाच्या नावाची ग्रॅनाइटची वेगळी वीट. सगळ्यात बाहेर रक्षक चक्र, ते झाडांचं आहे. बाहेरची झाडं सीमेवर पहारा देणाऱ्यांसाठी, असं तिथल्या एका जवानानं सांगितलं. त्यालाच मी नंबर लिहिलेला कागद दाखवला. त्यानं कागद दोन्ही हातांत धरून वाचला, "मराठा? आइए," म्हणाला आणि आम्हाला भिंतीपर्यंत घेऊन गेला. वाटेत एक शब्द बोलला नाही.

भिंत सापडली तरी वीट सापडायला वेळ लागला. एकेका भिंतीवर इतकी नावं आहेत की डोळे भरून येण्याआधी थकतात. मी वरून वाचत होतो, ही खालून. हिलाच सापडलं. ती काही बोलली नाही, माझी बाही ओढली फक्त. सोनेरी अक्षरं, नाव, पलटण. चुकीच्या स्वरासकट आमचा मामा.

मला वाटलं होतं ही रडेल. तिनं पर्समधून रुमाल काढला आणि विटेवरची धूळ पुसली. शेजारच्या विटेवरचीही पुसली. मग त्याच्याही शेजारच्या. अशा सात-आठ पुसल्या. म्हणाली, "यांच्याकडं कोण येत असेल, नसेल." तो जवान जरा लांब, पाठमोरा उभा राहिला होता. त्याचं ते पाठमोरं उभं राहणं मी कधी विसरणार नाही.

सूर्यास्ताच्या सुमारास तिथं एका हुतात्म्याच्या घरच्यांच्या हातून पुष्पचक्र वाहिलं जातं, बिगुल वाजतो. त्या दिवशी एक म्हातारी आई होती. आम्हाला तिची भाषा कळत नव्हती. ही मात्र तो सगळा वेळ पदर डोक्यावर घेऊन उभी होती, जशी घरातल्या कार्याला राहते.

राष्ट्रपती भवन शुक्रवारी झालं. एडविन लुटियन्सनं आखलेली ही 340 खोल्यांची इमारत 1931 पासून व्हॉइसरॉयचं घर होती. दरबार हॉलला आता गणतंत्र मंडप म्हणतात. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सरकारचा शपथविधी तिथंच झाला. तिथली गुप्तकाळातली बुद्धमूर्ती पाहताना पायाखालचं वैभव आपोआप विसरायला होतं. आत फोटो काढता येत नाहीत, आणि ते बरंच आहे, माणूस डोळ्यांनी बघतो. अमृत उद्यान त्या दिवसांत उघडं होतं. ट्युलिपपेक्षा हिला शेवंतीसारखी दिसणारी साधी फुलंच जास्त आवडली.

शनिवारचा लाल किल्ला मी मनात वेगळा घेऊन गेलो होतो. दिवाण-ए-खासमध्ये उभं राहिलं की सगळे मयूरासनाची गोष्ट सांगतात, ते 1739 मध्ये नादिरशहानं नेलं. मला दिसत होतं ते छत. 1760 मध्ये सदाशिवराव भाऊंच्या फौजेकडं पैसा उरला नव्हता, तेव्हा याच दालनाच्या छताची चांदी उतरवून शिपायांचा पगार भागवला. पाचेक महिन्यांनी पानिपत. आता तिथं लाकडी छत आहे. ते बघताना मला उपाशी घोड्यांची, थंडीनं काकडलेल्या माणसांची आठवण झाली. पुढं महादजी शिंद्यांनी याच किल्ल्यातल्या बादशहाला आधार दिला आणि 1803 पर्यंत दिल्लीवर मराठ्यांचा वचक राहिला, हे तिथल्या गर्दीत हिला सांगत होतो, तर मागं उभं असलेलं जळगावचं एक कुटुंबही ऐकायला थांबलं. आझाद हिंद सेनेचं संग्रहालय किल्ल्याच्या आतच आहे. त्या सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा 1945 चा खटला याच किल्ल्यात चालला. ते चुकवू नये.

तिथून चालत चांदणी चौकात शीशगंज गुरुद्वाऱ्यात गेलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बंगला साहिबला. डोकं झाकून, पाय धुऊन आत जायचं. लंगरमध्ये मांडी घालून जेवलो. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. शेजारी बसलेल्या सरदारजींना मी म्हटलं, आम्ही नामदेवांच्या मुलखातले. त्यांनी उठून हिच्या पानात आणखी एक पोळी वाढायला लावली.

रविवारी सकाळी गांधी स्मृती. बापू आयुष्याचे शेवटचे 144 दिवस तिथं राहिले. 30 जानेवारी 1948 ला प्रार्थनेला ज्या वाटेनं चालत गेले, त्या वाटेवर पावलं उमटवून ठेवली आहेत. दुपारी मेट्रोच्या पिवळ्या मार्गानं सिव्हिल लाइन्सला उतरून 26, अलिपूर रोडवरच्या बाबासाहेबांच्या स्मारकात गेलो. 6 डिसेंबर 1956 ला त्यांनी याच जागी देह ठेवला. इमारत उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराची आहे. दिल्ली बघणाऱ्या मराठी माणसांच्या कार्यक्रमात ही जागा क्वचित दिसते, आणि मला ते मनापासून खटकतं.

सोमवारी कुतुब. 1981 च्या चेंगराचेंगरीपासून मिनारात वर जाता येत नाही. लोहस्तंभाभोवती कठडा आहे. त्यावरचा ब्राह्मी लेख दीड हजार वर्षं उन्हापावसात टिकला. दुपारनंतर हुमायूनची कबर, तिथं हिरवळीवर ही तासभर नुसती बसून राहिली.

रात्री मी आग्र्याच्या गाडीची तिकिटं काढून ठेवली होती ती दाखवली. ही म्हणाली, "ताज पुन्हा कधीतरी. उद्या परत तिथं जाऊ या का?" मी तिकिटं रद्द केली. मंगळवारी सकाळी फुलवाल्याकडून झेंडू घेऊन गेलो. हार आत नेऊ देतील का, हे माहीत नव्हतं, म्हणून दोनच फुलं हिनं रुमालात ठेवली. सकाळी गर्दी नव्हती. मामींसाठी विटेचा फोटो काढला, एकदा जवळून, एकदा शेजारच्या नावांसकट.

परतल्यावर चौथ्या दिवशी मामींकडं गेलो. फोटो मोठा करून नेला होता. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितला. मग विचारलं, "किती उंचावर आहे गं? हात पोचतो का?"

"पोचतो मामी," ही म्हणाली. "मी लावला."