खुब्यातली वाटी आणि तिचे स्टिकर

"मॅडम, सोमवारी या." माझं ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूमच्या खिडकीतून हे मी तिसऱ्यांदा ऐकलं. तिन्ही वेळा साताऱ्याहून पहाटेची एसटी धरून पुण्याला आले होते.

माझा डावा खुबा २००६ साली बदलला, तेव्हा मी ४१ वर्षांची होते. पुढची सतरा वर्षं शाळेचे जिने चढले-उतरले, एक दिवस दुखलं नाही. २०२३ मध्ये मुलीच्या आग्रहाने एक्स-रे काढला. डॉक्टरांनी २००७ ची जुनी फिल्म शेजारी लावली आणि दोन्हींवर पेन्सिलने वर्तुळं काढली. कृत्रिम खुब्यात कमरेच्या हाडात एक वाटी बसवतात आणि मांडीच्या बाजूचा गोळा तिच्यात फिरतो. जुन्या फिल्मवर गोळा वाटीच्या बरोबर मध्ये होता. नव्या फिल्मवर तो वर सरकलेला, कारण मधलं प्लास्टिकचं लायनर, म्हणजे वाटीचं अस्तर, वरच्या बाजूने जवळजवळ तीन मिलिमीटर झिजलं होतं. प्लास्टिक झिजताना दुखत नाही. पण त्याचे बारीक कण आसपास साचतात, शरीरातल्या पेशी ते गिळायला जातात आणि त्या गडबडीत शेजारचं हाडच विरघळायला लागतं. माझ्या वाटीमागे अशी एक पोकळी दिसत होती. म्हणून सांगते, दुखत नसलं तरी ठरल्या वेळी एक्स-रे काढा आणि जुन्या फिल्म रद्दीत टाकू नका. ती २००७ ची फिल्म नसती तर गोळा किती सरकला ते इतकं स्पष्ट दिसलंच नसतं.

डॉक्टर म्हणाले, "वाटी हाडात घट्ट आहे. फक्त लायनर आणि गोळा बदलून भागेल. पण लायनर त्या वाटीत बसणारंच हवं. वाटी कुठल्या कंपनीची, कुठल्या मापाची?" माझ्या डिस्चार्ज कार्डावर एकच ओळ होती: लेफ्ट टोटल हिप रिप्लेसमेंट. माहिती मिळाली नाही तर घट्ट बसलेली वाटीही काढावी लागू शकते, आणि ती निघताना हाड घेऊन निघते.

इम्प्लांटच्या, म्हणजे शरीरात बसवायच्या भागाच्या, प्रत्येक खोक्यात स्टिकर असतात: कंपनी, माप, लॉट नंबर (कारखान्यातल्या खेपेचा क्रमांक). ऑपरेशननंतर ते केस पेपरवर चिकटवतात. तेवढं एक पान मला हवं होतं. पहिल्या खेपेला "साहेब रजेवर आहेत", दुसऱ्या खेपेला "फाईल गोडाऊनमध्ये आहे". तिसऱ्या खेपेनंतर मी लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. रुग्णाने मागितल्यावर कागद ७२ तासांत द्यावेत, असं २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत आहे. पोच मिळाल्यावर मात्र चार दिवसांत उत्तर आलं: रेकॉर्ड नष्ट केलं आहे. त्याच नियमांत दाखल रुग्णांचे कागद तीनच वर्षं ठेवायला सांगितलंय, त्यामुळे पुढे भांडायला जागा नव्हती. पण नष्टच केलं होतं तर गोडाऊनमध्ये काय शोधत होते? आणि वीस वर्षं शरीरात राहणाऱ्या वस्तूचा कागद तीन वर्षांत फाडायचा, हे मला आजही पटत नाही.

शेवटी कागद घरातच सापडला. जिल्हा परिषदेकडे वैद्यकीय बिलाच्या प्रतिपूर्तीसाठी जे दिलं होतं, त्याची झेरॉक्स माझ्या मिस्टरांनी जपून ठेवली होती. एका पानावर चार स्टिकर ओळीने: वाटी, लायनर, गोळा, स्टेम (मांडीच्या हाडात बसवलेला दांडा). लॉट नंबर काळे पडलेले, पण कंपनीचं नाव आणि माप, वाटी ५० मिलिमीटर, गोळा २८, स्वच्छ वाचता येत होतं. मी खालीच बसले असते, पण बदललेल्या खुब्याने जमिनीवर बसायचं नाही. तुम्ही मेडिक्लेम केला असेल तर त्या फाईलीतही हे स्टिकर शोधा, विमावाले बहुधा मागतातच.

ऑपरेशन नीट झालं. पोकळीत हाडाचा चुरा भरला, वाटी तशीच ठेवली. नुसतं लायनर बदललं की सांधा निखळायची भीती जास्त असते, म्हणून सहा आठवडे पायावर पाय टाकायचा नाही आणि दोन पायांमध्ये उशी घेऊनच कुशीवर वळायचं. काढलेलं लायनर डॉक्टरांनी दाखवलं. एकीकडे जाड, दुसरीकडे बोटाने दाबलं तर लवेल इतकं पातळ.

नवे स्टिकर मी डिस्चार्जच्या आधीच मागून घेतले. एक प्रत रेशनकार्डाच्या पिशवीत आहे, फोटो दोन्ही मुलांच्या फोनमध्ये. पुढचा एक्स-रे जूनमध्ये.