नोट्सच्या ॲपला दर वर्षी पैसे कशाला? आमची वाटचाल

नमस्कार मंडळी, हा प्रश्न सपोर्टला सारखा येतो म्हणून जरा सविस्तरच लिहितोय.

आमची कोल्हापुरातली छोटी टीम, दोन डेव्हलपर, एक डिझायनर आणि सपोर्टला मी स्वतः. २०१९ ला ॲप आणलं तेव्हा एकदाच १४९ रुपये भरा आणि कायम वापरा असं होतं. पण ॲप एकदा बनवलं की झालं असं नसतं ना, गूगल दर वर्षी अँड्रॉइडच्या नव्या व्हर्जनप्रमाणे बदल करायला लावतं, ॲपलची डेव्हलपर फी वर्षाला ९९ डॉलर, सिंकचा, म्हणजे फोन आणि लॅपटॉपवरच्या नोट्स सारख्या ठेवणारा सर्व्हर तर चोवीस तास चालू, आणि २०१९ च्या माणसाच्या नोट्स आजही सिंक व्हायलाच पाहिजेत, त्याचा हक्कच आहे तो, फक्त तो खर्च नव्या गिऱ्हाइकांच्या पैशातून भागवायचा म्हणजे नवीन माणसं यायची थांबली की सगळंच थांबलं.

आणि सर्व्हरपेक्षा जास्त पैसा जातो तो माणसांच्या पगारात. आता हेच बघा, काही कीबोर्ड 'ॲ' हे एकच अक्षर म्हणून टाकतात, काही 'अ' आणि वरचा चंद्र वेगवेगळे, 'दुसऱ्या' मधल्या 'ऱ्या'चंही तसंच. दिसायला सेम, पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने वेगळं, त्यामुळे मुलाच्या 'ॲडमिशन'ची नोट फोनवर लिहिली आणि लॅपटॉपवर शोधली तर सापडायचीच नाही! सर्च मराठीत नीट चालावा म्हणून ते सगळं आम्ही एकसारखं करून घेतलं, आणि हे काम अजून संपलेलं नाहीये, नवीन कीबोर्ड आला की परत तपासा. सिंकचं तर विचारूच नका, एसटीत रेंज नसताना फोनवर एक ओळ बदलली आणि घरी कोणीतरी लॅपटॉपवर दुसरी, तर दोन्ही टिकल्याच पाहिजेत.

म्हणून सबस्क्रिप्शन आणायचं ठरलं, आणि रेट ठरवताना बाकीच्या नोट्स ॲपचं बघितलं. नोटॅबिलिटी २०२१ मध्ये सबस्क्रिप्शनवर गेलं तेव्हा आधी पैसे भरलेले लोक भडकले आणि कंपनीला त्यांची फीचर्स कायम ठेवावी लागली. एव्हरनोटचा फुकट प्लॅन २०२३ च्या शेवटी ५० नोट्सवर आला. ऑब्सिडियनचं आम्हाला पटलं, ॲप फुकट, फाइल्स तुमच्या मशीनवर, सिंक पाहिजे तर पैसे. आम्हीपण तेच केलं, सिंक महिन्याला ९९ किंवा वर्षाला ७९९, जुन्या १४९ वाल्यांना काहीच वाढीव नाही. त्या ९९ मधून ॲप स्टोअरचं १५ टक्के कमिशन आणि १८ टक्के जीएसटी जाऊन हातात साधारण सत्तर रुपये राहतात. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ऑटो डेबिटचे, म्हणजे कार्डातून आपोआप पैसे कापायचे नवे नियम आले तेव्हा कार्डावरची बरीच रिन्यूअल अडकली, तेव्हापासून आम्ही वर्षाचाच प्लॅन घ्या म्हणतो.

सबस्क्रिप्शन संपलं तरी नोट्स लॉक होत नाहीत, वाचा, लिहा, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये बाहेर काढा, बंद होतं ते फक्त सिंक. यात आम्ही कधीच बदल करणार नाही.