१४ मिलिमीटरनं खाल्लेला महिना

दाराची चौकट सरळ आली! फुगीर (हायपरबोला आकाराच्या) आरशात कॅमेरा रोखून चहूबाजूंचा एकच फोटो काढायचा, मग कोडनं तो उलगडून सपाट करायचा, असा माझा खेळ चालू आहे. मागच्या वेळी त्यात केळ्यासारखी वाकलेली चौकट दाखवली होती, तीच ही. आरसा तोच, कोड तेच. कॅमेरा फक्त १४ मिमी आरशाकडं सरकवला.

आकडे मागणाऱ्यांसाठी: हायपरबोलाचा ए ३०, बी २० (वक्राचा आकार ठरवणारी मापं, मिमीत), म्हणजे त्याच्या दोन फोकसमध्ये ७२.१ मिमी. पहिल्या फोकसच्या रोखानं येणारा सगळा प्रकाश आरसा दुसऱ्या फोकसकडं वळवतो, म्हणून कॅमेरा तिथं. आरशाचा व्यास ५०, त्यामुळं क्षितिजाच्या वर साधारण २५ अंश दिसतं.

महिनाभर मी पॉलिशला शिव्या घातल्या. ४०० ते २००० वॉटर पेपर, मग बफ, असं दोनदा. आरसा कातून देणाऱ्या वाळूजच्या सीएनसीवाल्या (कॉम्प्युटरवर चालणारं कातयंत्र) मामांवरही संशय घेतला (मामा, माफी. शेंड्याला राहिलेली टोचसुद्धा चालते, तिथं कॅमेऱ्याला स्वतःचंच तोंड दिसतं). आणि गोची कुठं? ७२ मिमी मी लेन्सच्या पुढच्या काचेपासून मोजत होतो. दुसऱ्या फोकसवर काच नाही, एंट्रन्स प्युपिल (लेन्सचं समोरून दिसणारं छिद्र, जिथून कॅमेरा जग बघतो) बसायला हवं, आणि ते आत असतं.

किती आत, हे पॅनोरमावाल्यांच्या युक्तीनं काढलं. बटाट्यात दोन सुया एकामागं एक खोचल्या. कॅमेरा डावी-उजवीकडं फिरवायचा, मागची सुई डोकावली की पट्टीवर पुढं-मागं सरकवून परत फिरवायचा. डोकावणं थांबलं की ज्या खिळ्याभोवती फिरवताय, त्याच्या बरोब्बर वर प्युपिल. माझ्या ६ मिमीच्या लेन्समध्ये काचेपासून १४ मिमी आत निघालं. बटाट्याची संध्याकाळी भाजी झाली.

लेन्सचा फोकस अनंतावर ठेवू नका. दूरची प्रतिमा आरशाच्या शेंड्यामागं सातेक मिमीवर बनते, म्हणजे प्युपिलपासून सव्वासात सेंमी. बॅक-फोकसची रिंग (लेन्स सेन्सरपासून पुढं-मागं करणारी) अर्धा मिमी बाहेर काढली तेव्हा कुठं अक्षरं वाचता आली. आणि ते ऑनलाइन मिळणारे प्लास्टिकचे घुमट घेऊ नका. माझ्याकडच्याचा मुलामा आतून आहे, प्रत्येक खांब दोनदा दिसतो.

आता असाच मोठा आरसा करून लातूरच्या गंजगोलाईत मधोमध उभा करायचा, १६ रस्ते एका फोटोत, असं ठरलं होतं. पण लिहिता लिहिता वाटतंय, तिथं सगळं दहा-वीस मीटरवर. एवढ्या लांबून दोन-चार मिलिमीटरची चूक कोणाला दिसणार? मग सगळे किरण एकाच बिंदूच्या (पहिल्या फोकसच्या) रोखानं यावेत हा हट्ट कशाला? चाहल आणि श्रीनिवासन या संशोधकांनी १९९७ मध्ये मांडलेला समकोणी आरसा घ्यावा, प्रत्येक अंशाला सारखे पिक्सेल. मामांना समीकरणाशी देणंघेणं नाही, पॉइंट्सची फाइल दिली की झालं. ६० मिमीचा अ‍ॅल्युमिनियम दांडा पडलाच आहे. आज रात्री फाइल बनवतो.