पंचमाखालची घूं आणि ५०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर

मिरजेत राहायचं आणि तानपुऱ्याबद्दल कान तयार नसायचा, असं आमच्या घरात तरी चालत नाही. सतारमेकर मंडळींची दुकानं घरापासून चालत पाच मिनिटांवर, २०२४ मध्ये इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय टॅग मिळाला तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते, आणि अण्णाकाकांची तर सगळी हयात जवारी काढण्यात (घोडीचा वरचा भाग घासून तारेचा झंकार जुळवण्यात) गेली. त्यामुळे मी जेव्हा बाबांच्या जुन्या एलपी परत लावायला लागलो, टर्नटेबल दुरुस्त करून घेतला, जुना ४० वॉटचा स्टिरिओ अँप रिकॅप केला (आतले जुने कपॅसिटर बदलले), तेव्हा पहिला श्रोता म्हणून काकांनाच बोलावलं. काळी एकमधला (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी हा षड्ज) विलंबित ख्याल लावला. सुरुवातीला नुसता तानपुरा. काका डोळे मिटून ऐकत होते आणि दहाव्या सेकंदाला म्हणाले, "अरे, पंचमाच्या खाली हे कोण घुमतंय? तार उतरलीय का ह्यांची?"

तार उतरली नव्हती. ती आमच्या घरातली लाईट होती.

हे गणित मी त्या रात्री कागदावर मांडलं आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेला नाही. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, अँपमधला रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) लाटेचे दोन्ही अर्धे भाग वापरतो म्हणून पॉवर सप्लायची घूं १०० हर्ट्झला येते. काळी एकचा षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झ, म्हणजे पुरुषी तानपुऱ्याची पहिली तार, खालचा पंचम, १०४ च्या जवळ. १०० आणि १०४ एकत्र वाजले की सेकंदाला ४ वेळा आवाज डोलतो, वाँव वाँव वाँव. १०० हर्ट्झ हा कुठलाच स्वर नाही, पांढरी पाचच्या थोडा वर आणि काळी चारच्या खाली असा मधेच लटकलेला. ड्रम आणि गिटारच्या गाण्यात हे कुणाला कळणारही नाही पण तानपुऱ्याच्या पंचमाला ही घूं अक्षरशः बेसुरा करते, आणि आपलं निम्मं ऐकणंच जर आलापी असेल तर हा प्रश्न हौशी लोकांचे चोचले म्हणून सोडून देता येत नाही असं माझं ठाम मत आहे.

तर मग आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे जेवढे व्होल्ट आत तेवढेच बाहेर, पण मधे तांब्याची जोडणी नाही असा. इंटरनेटवर सगळे तेच सांगत होते. मी पण लगेच घेणारच होतो, पण आमचा वायरमन (वय सत्तरच्या पुढे, लायसनवाला, टेस्टर खिशाला पेनासारखा लावून फिरतो) म्हणाला की आधी घरातलं अर्थिंग बघू, मग पैसे खर्च कर. आणि हे त्याचं म्हणणं ऐकलं म्हणून माझे पैसे वाया गेले नाहीत.

मीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये ११ व्होल्ट. तेव्हा आमच्याकडे आरसीसीबी (गळती झाली की लाईट पाडणारा स्विच) नव्हता म्हणून त्याने फेज आणि अर्थमध्ये ६० वॉटचा साधा बल्ब लावून बघितला, तो पिवळा मिणमिणत होता, धड पेटत नव्हता. (हा प्रयोग घरी स्वतः करू नका, तो माणूस पन्नास वर्षं हेच करतोय.) परसातला अर्थिंगचा खड्डा बाबांच्या लग्नाच्या वेळचा, वर फरशी घातलेली, एप्रिल महिना, आत माती सुकून भेगा पडलेल्या. फरशी काढली, नवीन जस्त चढवलेला लोखंडी पाईप, कोळसा, मीठ, पाणी घालायला फनेल, आणि तिथून आठ गेजची तार थेट मेन बोर्डापर्यंत. त्याच खेपेला मेनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पण बसवला. दुसऱ्या दिवशी न्यूट्रल-अर्थमध्ये २ व्होल्टच्या आत. घूं? थोडी कमी. गेली नाही.

मग दुसरी गोष्ट सापडली आणि ती फुकटात सुटली. टीव्हीचा आवाज पण ह्याच अँपमधून येतो, आणि सेटटॉप बॉक्सला जी केबल येते तिची वरची जाळी बाहेर खांबावर कुठेतरी दुसऱ्याच अर्थला लागलेली असते. म्हणजे अँपचा अर्थ बोर्डातून एक आणि केबलच्या जाळीतून दुसरा, आणि दोघांच्या मधे आरसीए केबलच्या (आवाजाच्या वायरीच्या) शील्डमधून करंट फिरतोय. ग्राउंड लूप म्हणतात तो हा. मी केबलची पिन नुसती उपटली आणि खोलीत एकदम शांतता पसरल्यासारखं झालं, जाड घूं गायब. आता टीव्हीपासून अँपपर्यंत ऑप्टिकल वायर आहे, मधे छोटा डीएसी (डिजिटलचा साधा ऑडिओ सिग्नल करणारा डबा), तांब्याचा संबंधच नाही. ही घूं कुठल्याही ट्रान्सफॉर्मरने गेली नसती, कारण ती मुळात लाईटच्या वायरीतून येतच नव्हती, सिग्नलच्या वायरीतून येत होती.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. ह्याच त्रासाला कंटाळून खूप लोक अँपच्या थ्री पिन टॉपची अर्थची पिन काढून टाकतात किंवा आतली हिरवी वायर कापतात. घूं जाते, हे खरं आहे. माझ्या एका मित्राने तेच केलं होतं आणि त्याच्या अँपच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या, घरात तीन वर्षांची मुलगी. ती पिन बाकीच्या दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड मुद्दाम केलेली असते, टॉप घालताना सगळ्यात आधी अर्थ जोडला जावा आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावा म्हणून. ती कापू नका. लूप तोडायचा असेल तर सिग्नलच्या बाजूला तोडा.

एवढं झाल्यावर जे उरलं ते वेगळंच होतं. एक बारीक कर्र आवाज, फोनोवर (टर्नटेबलच्या इनपुटवर) जास्त. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या भागातून) येतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट, फोनो स्टेज त्याला १०० पट वाढवते, वर आरआयएए कर्व्हमुळे (रेकॉर्ड कापताना कमी केलेला बास परत उचलायचं ठरलेलं गणित) १ किलोहर्ट्झच्या तुलनेत ५० हर्ट्झला अजून साधारण ७ पट उचल मिळते, त्यामुळे बाकी कुठे ऐकू न येणारा कचरा इथे येतो. कचरा कुठून येतोय हे शोधायला मी बाबांचा सेलवरचा मीडियम वेव्ह ट्रान्झिस्टर घेतला, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागेवर ठेवला आणि घरभर फिरलो. स्वस्तातल्या एलईडी बल्बजवळ भाजी फोडणीला टाकल्यासारखा आवाज, मोबाईल चार्जरजवळ शिट्टी, आणि मागच्या गल्लीतला फॅब्रिकेशनवाला वेल्डिंग करायला लागला की सगळ्या वायरिंगमधून चर्रर्र. दोन एलईडी आणि एक चार्जर बदलले. वेल्डिंगवाल्याचं पोट त्याच्यावर आहे, त्याला काय सांगणार. ट्रान्सफॉर्मरची पाळी आता आली.

तो काय करतो ते साध्या शब्दात. असला कचरा बहुतेक वेळा फेज आणि न्यूट्रल दोघांवर एकत्र स्वार होऊन येतो, अर्थच्या तुलनेत. त्याला कॉमन मोड म्हणतात. ट्रान्सफॉर्मरच्या दोन वाइंडिंगमध्ये तांब्याचा संबंध नसतो, वीज चुंबकातून पलीकडे जाते, आणि चुंबकाला फक्त फेज-न्यूट्रलमधला फरक कळतो, दोघांवर सारखंच आलेलं कळत नाही. पण दोन वाइंडिंग एकमेकांना खेटून असल्यामुळे त्यांच्यात कपॅसिटन्स असतो आणि बारीक कचरा त्यातून उडी मारून जातोच. म्हणून मधे तांब्याच्या पत्र्याचं एक शील्ड घालतात आणि ते अर्थला जोडतात, उडी मारणारा कचरा तिथून जमिनीत. अर्थिंगच धड नसेल तर ते शील्ड काय करणार बिचारं, म्हणून आधी खड्डा.

रेडिमेड न घेता मी मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून बनवून घेतला. ५०० व्हीए (ढोबळ मानाने वॉटच), कारण अँप पूर्ण तापला तरी दीड-पावणेदोनशे वॉटच्या वर ओढत नाही, आणि तिप्पट जागा असली की ट्रान्सफॉर्मर गुदमरत नाही. टोरॉइडल (गोल कड्यासारख्या लोखंडी कोअरचा) नको म्हटलं, साधे ईआय स्टॅम्पिंग (ई आणि आय आकाराच्या पत्र्यांचा कोअर), कारण टोरॉइड लाईनमध्ये थोडा जरी डीसी आला तरी गुरगुरतो आणि चालू करताना एमसीबी पाडतो. कोअर २५ चौरस सेंटिमीटरचा, फ्लक्स मुद्दाम १ टेस्लाच्या आसपास कमी ठेवायला सांगितला म्हणजे कोअर स्वतः घुमणार नाही, त्या हिशोबाने व्होल्टला १.८ वेढे, २३० ला ४१४. प्रायमरी ४१४, सेकंडरी पण ४१४, तार १९ गेज. दुकानदार म्हणाला सेकंडरीला वीसेक वेढे जास्त मारतो, लोडवर व्होल्टेज पडतं. मी नको म्हटलं, आमच्याकडे रात्री अकरानंतर व्होल्टेज २४५ ला जातं आणि मी ऐकतो रात्रीच, माझ्या लोडला दोन-अडीच व्होल्ट पडले तर बिघडत नाही.

पहिला ट्रान्सफॉर्मर फुकट गेला. शील्ड कसं घालायचं ते मी कागदावर चित्र काढून दिलं होतं पण दुकानातल्या पोराला वाटलं की पत्र्याची दोन टोकं उघडी कशाला ठेवायची, म्हणून त्याने ती छान डाग देऊन जोडून टाकली. म्हणजे काय झालं, तर कोअरभोवती तांब्याचा एक पूर्ण बंद वेढा, शॉर्ट केलेली एका वेढ्याची सेकंडरीच. सिरीज लॅम्प लावून (लाईनमध्ये एक बल्ब घालून, म्हणजे करंट आवरला जातो) चालू केला, १०० वॉटचा बल्ब भक्क पेटला आणि तसाच पेटलेला राहिला, ट्रान्सफॉर्मर म्हशीसारखा हंबरायला लागला, मिनिटभरात वार्निशचा वास. चांगला ट्रान्सफॉर्मर असता तर बल्ब क्षणभर लुकलुकून विझायला हवा होता. सिरीज लॅम्प नसता तर सरळ धूर. दुसऱ्यांदा मी समोर बसून राहिलो: प्रायमरीवर कागदाचे तीन थर, त्यावर पत्रा गुंडाळताना एक टोक दुसऱ्यावर दोन सेंटिमीटर चढवलेलं पण मधे कागद, पत्र्याला एकाच जागी हिरवी वायर डाग दिलेली, वर परत कागद, मग सेकंडरी. पोराने नंतर स्वतःच मीटर लावून दाखवलं की शील्ड कुठल्याच वाइंडिंगला लागत नाही. साडेसात किलोचं धूड झालं, सगळं धरून सहा हजारांच्या आत.

जोडणी वायरमननेच केली आणि ती त्यानेच करावी. पत्र्याच्या पेटीत आधी डबल पोल सी कर्व्हचा ६ अँपिअर एमसीबी, मग प्रायमरी. अर्थची वायर पेटीला, कोअरला, शील्डला आणि पुढे आउटपुटच्या सॉकेटांच्या अर्थ पिनेपर्यंत अखंड. आणि सेकंडरीचं एक टोक पेटीतच अर्थला बांधलं, ते झालं नवीन न्यूट्रल, दुसरं टोक फेज. खूप जण सेकंडरी तरंगती ठेवतात, दोन्ही टोकं मोकळी. एकच वस्तू दुरुस्तीच्या टेबलावर असेल तर ठीक आहे, पण चार-पाच वस्तू लावल्या की पहिला बिघाड कळतच नाही आणि दुसरा झाला की दोन वस्तूंच्या मध्ये २३० व्होल्ट उभे राहू शकतात. आणि हे तर कुणीच सांगत नाही की ट्रान्सफॉर्मरच्या पुढे गळती झाली तर मेन बोर्डावरच्या आरसीसीबीला ती दिसतच नाही, मधे तांबं तुटलेलं ना. म्हणून सेकंडरी अर्थला बांधल्यावर तिच्या पुढे वेगळा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, टेस्ट बटण दाबून पडतो की नाही ते दर महिन्याला बघतो. टर्नटेबल, अँप, डीएसी सगळं ह्याच एका पेटीवर, एकही वस्तू दुसऱ्या बोर्डावर नाही.

आणि पहिल्या रात्री घूं वाढली! पेटी मी टर्नटेबलच्या खालच्या कप्प्यात ठेवली होती, ट्रान्सफॉर्मरचं स्वतःचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र थेट कार्ट्रिजमध्ये. टोनआर्म पेटीच्या बाजूला नेला की घूं वाढायची, लांब नेला की कमी, त्यावरूनच कळलं. पेटी कोपऱ्यात दोन मीटर लांब नेली, आडवी फिरवली, गेली.

आता काय फरक पडला ते प्रामाणिकपणे. वेल्डिंगची चर्रर्र जवळजवळ संपली, फ्रिज बंद होतानाचा टक्क आवाज अजून येतो पण लांबून आल्यासारखा, कर्र आवाज आवाजाची खुंटी तीनचतुर्थांश फिरवून स्पीकरला कान लावला तरच. बास वाढला, स्टेज मोठं झालं वगैरे जे लिहितात ते मला काही ऐकू आलं नाही. व्होल्टेज संध्याकाळी पडतं ते पडतंच, त्याला हा काही करत नाही, २१० आत तर २१० बाहेर.

काकांना परत बोलावलं. तीच एलपी. ह्यावेळी तानपुरा सुरू झाला आणि काका काहीच बोलले नाहीत, पहिली बाजू संपेपर्यंत. मग म्हणाले, "ह्या तानपुऱ्याची जवारी जरा उघडी आहे, पंचमाच्या तारेचा दोरा किंचित पुढे सरकवायला हवा होता." रेकॉर्ड साठ वर्षं जुनी. त्या तारेखालच्या दोऱ्यापर्यंत त्यांचा कान पोचला होता, मी उठून दुसरी बाजू लावली.