चुकी कोणाची?

नेट गेलं हे बाकावर बसलेल्यांना माझ्या पाठीवरून कळतं. खांदे जरा सैल पडतात, माऊसवरचा हात उठतो आणि अंगठा स्पेसबारवर जाऊन बसतो.

"गेलं का गा?"

"गेलं."

मग कोणी खर्रा घोटायला घेतो, कोणी सातबाऱ्याची घडी आणखी लहान करतो आणि मी डायनासोर पळवतो. दारव्हा तालुक्यातल्या रस्त्याकडेच्या गावात माझं ऑनलाइन कामाचं छोटं सेंटर आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, बोटाचा ठसा घ्यायचं एक मशीन आणि एक बाक. दिवसातून दोन-तीनदा नेट जातंच. एवढ्या वर्षांत मी किती डायनासोर निवडुंगावर आपटले असतील, याचा हिशेब ठेवला असता तर एखादा फॉर्म त्याचाही निघाला असता.

नेट नसलं की पडद्यावर येणारा, स्पेसबारने डायनासोरला निवडुंगांवरून उडवत पळवायचा हा खेळ क्रोम ब्राउझरमध्ये २०१४ च्या सप्टेंबरात आला. नेट नाही म्हणजे आपण अश्मयुगाच्याही मागे गेलो, अशी त्यामागची गंमत. चार वर्षांनी गुगलनेच सांगितलं की महिन्याला २७ कोटी डाव खेळले जातात, आणि खेळणारे जास्तकरून भारत, ब्राझील, मेक्सिको, इंडोनेशिया अशा देशांतले आहेत, जिथे नेट महाग तरी आहे किंवा बेभरवशाचं तरी. हे वाचून मला उगाच बरं वाटलं. त्या २७ कोटींत आमच्या बाकासमोरचेही थोडे असणार.

शेजारच्या वाडीतले एक आबाजी सेंटरचे कायमचे गिऱ्हाईक आहेत. त्यांनी एकदा चष्मा वर सारून विचारलं, "हे कोनतं जनावर व्हय?" मी सांगितलं, डायनासोर. आपल्याकडेही होते, चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा म्हणून गाव आहे, तिथे त्यांची हाडं सापडतात. हाडंच नाहीत, दगड झालेलं शेणही. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी ते शेण तपासलं तर आत गवताचे अंश निघाले. तोवर डायनासोरच्या काळात गवत होतं हेच कोणी धरून चालत नव्हतं. आबाजींना हाडांचं काही वाटलं नाही. शेणापाशी मात्र ते थांबले. "गवत खाये? मंग आपल्यातलाच म्हना." त्या दिवसापासून पडद्यावरचा तो प्राणी त्यांच्या लेखी गोठ्यातला झाला, आणि मी त्याला निवडुंगावर आपटवला की ते खरोखर च्यक् करतात. पडद्यावरचा डायनासोर टी-रेक्स जातीचा, मांस खाणारा, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

मला या खेळाची गोडी का लागली, हे मी बरेच दिवस नेट जाण्यावर ढकलत होतो. पण गोडी दुसऱ्याच गोष्टीची आहे. मी हरतो तेव्हा मला राग येत नाही. हे माझ्यासाठी नवीन आहे. लहानपणी आम्ही पोट्टे देवळामागच्या पडीत क्रिकेट खेळायचो. बॅट ज्याची तो एका डावात दोनदा आऊट व्हायचा. चेंडू पऱ्हाटीत गेला की आऊट, पण बॅटवाल्याने मारला तर चार. त्याच्याविरुद्ध जिंकणं अवघड नव्हतंच, तो खेळायचाही भैताडासारखा. पण संध्याकाळी घरी जाताना पोटात जे जळायचं ते हरल्याचं नसायचं. उलट दुसऱ्या आळीतला एक पोट्टा असा काही चेंडू टाकायचा की मधला दांडा उखडून पडायचा, आणि आम्हीच टाळ्या वाजवायचो. अवघड असणं आणि रडी खेळणं यांतला फरक दहा वर्षांच्या पोट्ट्यालाही कळतो. तो नेमका कशात आहे, हे मला कळायला चाळिशी यावी लागली.

कळलं ते भाच्यामुळे. तो अमरावतीला कॉम्प्युटर शिकतो. दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, "मामा, याचा कोड उघडा आहे, कोणीही वाचू शकते." आणि त्याने एकेक ओळ लावून दाखवली. मला कोड कळत नाही, पण हिशेब कळतो. सुरुवातीला वेग ६, दर चौकटीला, म्हणजे पडद्यावरचं चित्र दर वेळी बदलताना, एक हजारांश इतका वाढत जातो आणि १३ वर थांबतो. सेकंदाला साठ चौकटी धरल्या तर दोन मिनिटांत संपला वाढायचा वेग. त्यापुढे खेळ अवघड होत नाही, आपण थकतो. खेळ पुरा व्हायला १ कोटी ७० लाख वर्षं लागतील असं करणाऱ्यांनी गमतीने सांगितलं होतं. माझी मजल चार मिनिटांची.

पण मी अडकलो ते निवडुंगांच्या अंतरापाशी. मला वाटायचं झाडं कुठेही उगवतात. तसं नाही. दोन झाडांत कमीत कमी किती जागा सुटली पाहिजे, हे झाड किती रुंद आणि वेग किती, यावरून दर वेळी काढलं जातं. वेग वाढला की सुटणारी जागाही वाढते. आणि जास्तीत जास्त जागा त्या कमीत कमीच्या दीडपट. या दोन आकड्यांच्या मधे कुठेही, ते मात्र नशीब. एकाच जातीचा अडथळा लागोपाठ दोनदाच येतो, तिसऱ्यांदा येत नाही. उडणारा पक्षी साधारण चाळीस सेकंदांनंतरच, वेग साडेआठला पोचल्यावर. म्हणजे नशीब आहे, पण त्याला बांध घातलेला आहे. नशिबाला बांध घालता येतो ही कल्पनाच मी भाच्याला पुन्हा सांगायला लावली. आमच्या भागात ज्याला ज्याला नशीब म्हणतात त्याला बांध नसतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्याशिवाय पेरू नका, एवढं कृषी खातं सांगतं, आणि आपण तेवढा पडू देऊन पेरलं तरी पुढचे वीस दिवस कोरडे जाणार नाहीत असं कुठल्या कोडात लिहिलेलं आहे?

आणखी एक मजा. पहिली तीन सेकंदं वाटेत काहीच येत नाही. आमच्यात लहान पोराला दूधभात म्हणून खेळवायचे ना, तसं तीन सेकंदं प्रत्येकजण दूधभात. आणि डायनासोर झाडाला लागला की नाही हे बघताना त्याच्याभोवती एकच मोठा चौकोन धरत नाहीत. आधी मोठा चौकोन लागला का बघतात, लागला तर मग डोकं, धड, पाय असे लहान लहान चौकोन तपासतात. शेपटीखालच्या रिकाम्या हवेला काटा लागला म्हणून कोणी मरत नाही. आमच्या पडीतल्या अंपायरने एवढी बारकाई दाखवली असती तर माझ्या दोन मैत्र्या अजून टिकल्या असत्या.

राहिला आपला हात. स्पेसबार नुसता टिचकला तर उडी ठेंगणी, दाबून धरला तर उंच. हवेत असताना खालचा बाण दाबला की तिप्पट वेगाने खाली. एवढीच अवजारं, पण ती लगेच ऐकतात. अंगठ्याने सांगितलं आणि जनावराने केलं, मधे कोणी नाही. मधे कोणी आलं की सगळं बिघडतं, आणि आमच्याकडे कापूस येतो. सेंटरच्या समोरच खरेदी चालते. सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा, झाली की पुढे फाल्गुनापर्यंत रुईचे तंतू उडत असतात आणि माझ्या कीबोर्डच्या फटींत घर करतात. मग स्पेसबार दबतो पण उडी निघत नाही. त्यात कॉम्प्युटर जुना, मधेच एक उसासा टाकतो, आणि तेवढ्यात निवडुंग चार पावलं पुढे येऊन उभा. तसा मेलो की मी आजही टेबलावर हात आपटतो. भाचा हसतो. "मामा, गेम तोच आहे." गेम तोच आहे, पण मी नव्हतो ना खेळत, कापूस खेळत होता.

बाकीचे ब्राउझरमधले खेळ मी बघितले आहेत. गाडीच्या शर्यतीचा एक होता, त्यात आपण कितीही पुढे गेलो तरी मागची गाडी शेवटच्या वळणावर चिकटायचीच. सुट्टीत येऊन बसणाऱ्या एका आठवीतल्या पोट्ट्याने दोन दिवसांत ओळखलं, "काका, हा मांगच्या गाडीले ढकलून राह्यला बे." बरोबर होतं त्याचं, चुरस वाटावी म्हणून मागच्याला वेग देतात आणि पुढच्याचा काढतात. सारखे आकडे जोडत जायचा २०४८ नावाचा खेळ मात्र मला आवडतो. गॅब्रिएले चिरुली नावाच्या एकोणीस वर्षांच्या इटालियन पोराने २०१४ मध्ये केलेला. नवा आकडा दहातून नऊ वेळा २ आणि एकदा ४. तो चार नेमका नको तिथे येतो, पण पट अख्खा समोर असतो, घाई कोणी करत नाही. जाहिरातींच्या खेळांविषयी काय बोलावं. तिथे खेळ एकच असतो, बंद करायची फुली शोधायचा. सापडली की ती सरकते.

सुरुंगांचा खेळ, माइनस्वीपर, निराळा. चौकोन उघडत जायचे, पण सुरुंग असलेला उघडायचा नाही. १९९२ पासून विंडोजसोबत यायचा, आता ब्राउझरमध्येही खेळतात. पहिल्या टिचकीला सुरुंग कधीच लागत नाही, ही सभ्यता. पुढे सगळं डोक्याने सुटतं. आणि अगदी शेवटी कधी कधी दोन चौकोन उरतात, एकात सुरुंग, आणि कुठल्या हे जगातल्या कोणत्याही हुशारीने सांगता येत नाही. वीस मिनिटं नीट खेळलेल्या माणसाला शेवटी नाणं उडवायला लावायचं. मी तो खेळ सोडला.

पण सेंटरमधला खरा खेळ नेट आल्यावर सुरू होतो. त्याला ओटीपी म्हणतात. फॉर्म भरून झाला की पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी लागते आणि ओटीपी आबाजींच्या मोबाइलवर यायचा असतो. सेंटरमध्ये रेंज नाही. रेंज आहे समोरच्या पाण्याच्या टाकीच्या सातव्या पायरीवर. म्हणून आबाजींचा नातू मोबाइल घेऊन सातव्या पायरीवर उभा, आबाजी दारात, मी खुर्चीत.

"आला का बे?"

"आला! चार, आठ, आठ, एक..."

"आठ कितीदा?" आबाजी ओरडतात.

"दोनदा!"

"चार दोनदा," आबाजी मला सांगतात.

तोवर साठ सेकंदं संपतात. मी दुसरा ओटीपी मागवतो. टाकीवर येतो तो पहिलाच, पुन्हा एकदा, आणि दुसरा येतो तिसरा मागवल्यावर. तीनदा चुकलं की साइट म्हणते, चोवीस तासांनी या. बोटाच्या ठशाचंही तसंच. सत्तर वर्षं वखर धरलेल्या आणि कापूस वेचलेल्या बोटांवर रेघाच उरलेल्या नसतात. पूस, केसांवरून फिरव, पुन्हा टेक. मशीन लाल. उडी वेळेवर मारली, नीट मारली, तरी निवडुंग.

मागच्या महिन्यात अशाच एका दुपारी तिसरा ओटीपी चुकला आणि लगोलग नेटही गेलं. आबाजी बाकावर न बसता माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. "दे मले." मी खुर्ची दिली. त्यांनी तर्जनी स्पेसबारवर ठेवली, जशी ठशाच्या मशीनवर ठेवतात तशी, आणि दाबून धरली. डायनासोर उडाला, उतरला आणि पहिल्याच झाडावर गेला.

"आता ही चुकी कोनाची?" त्यांनी विचारलं.

"तुमची, आबाजी. लवकर उडवलं."

"हाव. लवकरच उडवलं." त्यांना ते पटलं, एवढंच नाही, आवडलं. पुन्हा दाबलं. पुन्हा मेला. "आता उशीर झाला." पुन्हा. सातव्या की आठव्या डावात त्यांनी तीन झाडं ओलांडली आणि बाकावरून कोणीतरी शाबास म्हटलं. मग बोट दुखलं म्हणून खुर्ची मला दिली, पण गेले नाहीत. खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे, कीबोर्ड मी सकाळीच ब्रशने झाडला होता. सातशे गुणांवर पडद्यावर रात्र झाली, मग परत दिवस. पक्षी खालून आले, मधून आले, वरून गेले. माझा जुना आकडा ३१८४ मागे पडला. बाकावरचे चौघे उठून मागे आले, नातू टाकीवरून उतरला. आबाजी प्रत्येक झाडाला हळू आवाजात "हं" म्हणत होते, आणि मला शपथ वाटत होतं की उडी त्या हं वरच निघते आहे. चार हजार गेले. चार हजार अकरा.

आणि पडदा पांढरा झाला. वरचं चक्र फिरलं, ओळखीचा निळा पट्टा उतरला, फॉर्मचं पहिलं पान समोर.

"आलं! नेट आलं!" नातू ओरडला, आणि सगळे खूश होऊन आपापल्या कागदांकडे वळले. ब्राउझर तसाच आहे, नेट आलं की तो पान आपोआप उघडतो, खेळ चालू असला तरी.

आबाजी पडद्याकडेच बघत होते. "पन तो मेला नव्हता ना गा?"

"नव्हता."

"मंग गेला कुठी?"

मी त्यांचा आधार नंबर विचारला.