तुम्ही विचारलंत म्हणून: दोन मायक्रोवॅट वाचवून काय मिळतं?

"वीज वाचवायची तर एसी बंद करा की! मायक्रोवॅट कसले मोजता?" लग्नाकार्यात हे हटकून ऐकावं लागतं. (मायक्रोवॅट म्हणजे वॅटचा दहा लाखावा भाग.) मी एडीसी डिझाइन करतो, म्हणजे नाडी, तापमान, आवाज अशा सलग सिग्नलचे आकडे करणारं सर्किट.

सीआर२०३२ या बटण-सेलमध्ये साधारण २,४०० जूल मावतात. २०० मायक्रोवॅट खाणारा एडीसी तो साडेचार महिन्यांत संपवेल. नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठातल्या मंडळींनी २००८ साली १० बिटांचा, सेकंदाला दहा लाख नमुने घेणारा एडीसी १.९ मायक्रोवॅटवर चालवून दाखवला. हिशेबाने तोच सेल ४० वर्षं पुरेल. (त्याआधी तो आपसूकच मरेल, ते सोडा.)

हे जमतं कसं? आमचं किराणा दुकान होतं, त्यामुळे मला ते तराजूवरच दिसतं. एका पारड्यात अनोळखी व्होल्टेज. दुसऱ्यात सगळ्यात मोठं वजन ठेवायचं, जड झालं तर उचलायचं, मग त्याच्या निम्म्याचं. दहा बिटांना दहा तोलण्या. वजनं म्हणजे कपॅसिटर, विजेचा चार्ज साठवणारे भाग, आणि ठेवून उचललेल्या प्रत्येक वजनामागे भरलेला चार्ज वाया जातो. २०१० साली तैवानच्या संशोधकांनी क्रम उलटवला: आधी तोला, मग एकच कपॅसिटर, तोही एकाच दिशेने हलवा. स्विचिंगची सुमारे ८१ टक्के ऊर्जा वाचली. फुकट मात्र नाही. दर तोलणीला दोन्ही बाजूंची सरासरी पातळी खाली घसरते आणि कंपॅरेटरचा, म्हणजे दोन्ही पारडी तोलणाऱ्या काट्याचा, पासंग बदलत जातो. ठरलेला पासंग दुकानदार सांभाळून घेतो, बदलता कसा घेणार?

मग कपॅसिटरच छोटे का नाही करत? कारण उष्णतेचा नॉइज, म्हणजे उष्णतेने व्होल्टेजला सुटणारी थरथर. तो आड येऊ लागला की पुढच्या एका बिटासाठी कपॅसिटर चौपट करावा लागतो. तिथे कुणाची हुशारी चालत नाही.

माझ्या पहिल्या चिपचा एडीसी तीन मायक्रोवॅटवर आला तेव्हा मी हवेत होतो. रिव्ह्यूत सीनियर बाईंनी एवढंच विचारलं, "आणि रेफरन्स बफर?" वजनांना ठरलेलं व्होल्टेज पुरवणारं सर्किट ते. त्याला चाळीस लागत होते. तो मी धरलाच नव्हता.

घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तेलाचा भाव काढलास आणि डब्याचे पैसे विसरलास."