युरोपा-पार्क, रुस्ट: आजी-आजोबा, दहा वर्षांची मुलगी आणि कोस्टरवेडा भाचा, सगळ्यांना घेऊन

जर्मनीतलं युरोपा-पार्क हे राईड्सचं मोठं थीम पार्क करायचं ठरलं की आपल्या लोकांचा पहिला प्रश्न हमखास हाच असतो, तिथल्या रोलर कोस्टरमध्ये सिल्व्हर स्टार भारी का व्होल्ट्रॉन भारी? माझं म्हणणं असं की घरच्या सगळ्यांना घेऊन जाणार असाल तर हा प्रश्न नंतरचा. आधी हे बघा की सोबतच्या सगळ्यात लहान पोराची उंची किती आणि वय किती, कारण अख्खा दिवस त्यावर ठरतो. आम्ही जुलैत जाऊन आलो, मी, बायको, दहा वर्षांची मुलगी, सुट्टीला पुण्याहून आलेला पंधरा वर्षांचा भाचा आणि आई-बाबा. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितोय.

सिल्व्हर स्टारला वय किमान ११ आणि उंची १ मीटर ४०, ब्लू फायरला ७ वर्षं आणि १ मीटर ३०, वोडानला ६ वर्षं आणि १ मीटर २०. यात दोन्ही अटी बसाव्या लागतात, नुसती उंची भरून चालत नाही. आमची मुलगी उंचीत बसत होती पण वयात नाही, म्हणजे सिल्व्हर स्टार तिला नाहीच. हे आम्ही तिला घरीच सांगून ठेवलेलं, तिने एक दिवस तोंड फुगवलं आणि विषय संपला. तासभर रांगेत उभं राहून अगदी दारात पोराला परत पाठवलं तर काय होतं ते तुम्हीच विचार करा, आणि तिथे "जाऊ द्या हो, दोन सेंटीमीटरच कमी आहे" हे चालत नाही. तेव्हा निघायच्या आधी मुलांना भिंतीला उभं करून मोजा आणि प्रत्येक राईडचे नियम पार्कच्या अ‍ॅपवर बघून घ्या.

या पार्कात मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर इथे अगदी चिमुरड्यांपासून धाडसी लोकांपर्यंत प्रत्येकासाठी एकेक पायरी आहे. त्यामागे कारण आहे. पार्क ज्यांचं आहे ते माक कुटुंब जवळच्याच वाल्डकिर्श गावातलं, १७८० पासून गाड्या, वॅगनी बनवणारं, पुढे जत्रेतल्या राईड्स बनवायला लागलं आणि १९७५ साली आपल्या राईड्स गिऱ्हाइकांना चालत्या दाखवता याव्यात म्हणून त्यांनी हे पार्क काढलं. त्यामुळे इथले बहुतेक कोस्टर घरचेच, माक राईड्सचे, बाहेरून घेतलेले मोठे म्हणजे सिल्व्हर स्टार आणि वोडान.

आता क्रम. पार्काचे भाग युरोपातल्या देशांच्या नावाने केलेले आहेत. मुलगी आधी जरा बिचकत होती म्हणून बायकोने तिला सकाळी थेट ऑस्ट्रिया भागात आल्पेनएक्स्प्रेसवर नेलं. ही १९८४ ची जुनी गाडी, हिला चढावर ओढून नेणारी साखळी नाही, गाडीतच मोटर आहे, त्यामुळे धाडकन पडणं वगैरे काही नाही, नुसती खाणीतल्या बोगद्यातून आणि बाहेरून वळणं घेत भुर्रकन फिरते. मग ग्रीस भागातला पेगासस, २००६ चा, खास लहान मुलांना पहिल्यांदा बसवण्यासाठी म्हणूनच केलेला. या दोन्हीवर मूल हसत उतरलं की पुढे जा, नाही उतरलं तर तिथेच अजून एकदा बसवा, घाई करू नका.

पुढची पायरी म्हणून लोक स्वित्झर्लंड भागातला मॅटरहॉर्न ब्लिट्झ सुचवतात. गंमत आहे त्याची, चार माणसांची छोटी डबी, ती लिफ्टमध्ये शिरते, लिफ्ट सरळ वर जाते आणि वर पोचल्यावर डबीसकट पुढे झुकते आणि सोडून देते. मुलीला हे इतकं आवडलं की बस्स. पण ज्यांना मानेचा किंवा पाठीचा त्रास आहे त्यांनी नका बसू, काटकोनी वळणांवर जोरात हिसके बसतात, बायको उतरली ती मान चोळतच. त्यापेक्षा फ्रान्स भागात मोठ्या चंदेरी घुमटातला कॅनकॅन कोस्टर मोठ्यांनाही झेपतो. आधी इथे १९८९ पासून युरोसॅट होता, तोच २०१८ मध्ये नवीन रूळ टाकून पॅरिसच्या थीमवर केला. अंधार, संगीत, आणि वर चढताना गोल गोल फिरत जाणारा चढ. वेग फार नाही पण पुढचं वळण दिसत नसल्यामुळे आहे त्याहून जास्त वाटतो.

हे सगळं चालू असताना भाचा आणि मी पार्क उघडल्या उघडल्या क्रोएशिया भागात व्होल्ट्रॉन नेवेरापाशी. २०२४ मध्ये सुरू झालेला हा सगळ्यात नवा, त्यामुळे सकाळी अर्धं पार्क तिकडेच पळतं, जायचं तर गेट उघडताना जा नाहीतर सरळ संध्याकाळी. थीम निकोला टेस्लाची, रांगसुद्धा त्याच्या प्रयोगशाळेतून जाते आणि ती बघण्यासारखी आहे, मोबाईलमध्ये डोकं घालून उभे राहू नका. १३८५ मीटरचा ट्रॅक, ७ वेळा उलटं करतो, ४ वेळा जोरात ढकलून वेग देतो (यालाच लाँच म्हणतात). त्यातलं पहिलंच ढकलणं १०५ अंशात आहे, म्हणजे गाडी उभ्या भिंतीच्याही पलीकडे झुकलेल्या रुळावर वर फेकली जाते, पाठीवर झोपून आकाश बघतोय असं वाटेपर्यंत डोकं खाली आलेलं असतं. मध्येच गाडी थांबते, खालचा रूळच फिरतो आणि मागच्या मागे सोडतो. भाचा उतरून दोन मिनिटं काही बोललाच नाही, आणि तो कधी गप्प बसत नाही. माझं मत विचाराल तर तंत्र म्हणून हा पार्कातला नंबर एक, पण इतक्या गोष्टी एकामागून एक येतात की एका फेरीत काय काय झालं ते कळतच नाही. नाश्ता भरपेट करून बसू नका एवढंच सांगतो.

सिल्व्हर स्टारची गोष्ट वेगळी. भाच्याने आपल्या खोपोलीच्या इमॅजिकातला नायट्रो केलेला, आणि नायट्रो व सिल्व्हर स्टार दोन्ही एकाच स्विस कंपनीचे, बोलिगर आणि माबिलार्ड यांचे, त्यामुळे त्याच्या डोक्यात होतं की नायट्रोचाच मोठा भाऊ असणार. खालून ट्रॅक बघून म्हणाला, "मामा, यात लूप कुठेयत?" नाहीयेत. एकही नाही. नायट्रो पाय लोंबकळत ठेवून ५ वेळा उलटा फिरवतो, सिल्व्हर स्टार एकदाही उलटा करत नाही. हा नुसत्या टेकड्यांचा खेळ आहे. ७३ मीटर वर नेतो, तिथून ताशी १२७ किलोमीटरने खाली, आणि मग १६२० मीटरच्या ट्रॅकवर एकामागून एक टेकड्या, प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर बूड सीटवरून उचललं जातं आणि पोटात गोळा येतो. खांद्यावर काही नाही, फक्त मांडीवर एक दांडा, त्यामुळे ते उचललं जाणं चांगलंच जाणवतं. २००२ मध्ये सुरू झाला तेव्हा युरोपातला सगळ्यात उंच होता.

इथे कुठे बसायचं हे महत्त्वाचं आहे. पुढच्या रांगेसाठी वेगळी लाईन असते, ती बरीच हळू सरकते. पुढे बसलं की समोर काहीच नसतं, वारा तोंडावर येतो, माथ्यावरून पलीकडे बघत क्षणभर लटकल्यासारखं होतं. शेवटच्या रांगेत बसलात तर उलट, पुढचे डबे आधीच उतरायला लागलेले असतात आणि ते मागच्यांना माथ्यावरून खेचून नेतात, म्हणून सीटवरून उचललं जाणं मागे जास्त. नजारा हवा तर पुढे, पोटातला गोळा हवा तर मागे, आणि दोन्हीतलं काहीच नको असेल तर मधे. मी मागचीच घेईन, आणि रांगही कमी. पण खरं सांगू का, ज्यांनी एवढा उंच कोस्टर कधी केला नाहीये त्यांना पहिला उतार ग्रेट वाटेल, त्यानंतरचा भाग थोडा एकसुरी आहे. टेकडी, टेकडी, वळण, टेकडी. नाव मोठं म्हणून यासाठी दीड तास रांग लावायची नाही असं माझं स्पष्ट मत. शेवटच्या तासात जा, तेव्हा दिवसभराची गर्दी ओसरलेली असते.

आइसलँड भागातला ब्लू फायर मला सगळ्यात समतोल वाटला. २००९ चा, गाडी आधी अंधाऱ्या गुहेतून हळूहळू नेतात, थांबवतात, आणि मग अडीच सेकंदात शंभरच्या वेगाला. ४ वेळा उलटा होतो पण इतका गुळगुळीत की डोकं कुठे आपटत नाही, इथेही खांद्यावर जड जू नाही. आमच्या मुलीचा आयुष्यातला पहिला उलटा कोस्टर हाच. लाँचच्या आधी गाडी थांबते त्या काही सेकंदांत तिने माझा हात असा काही पकडला होता की नखं रुतली, आणि ब्रेक लागल्यावर पहिलं वाक्य "बाबा, परत!" ज्यांना उलटं व्हायची भीती आहे त्यांनी सुरुवात याने करावी, व्होल्ट्रॉनने अजिबात नाही.

आणि आता वोडान. त्याच भागात, ब्लू फायरला खेटून, इतका खेटून की दोघांचे रूळ एकमेकांतून जातात. २०१२ मध्ये अमेरिकेच्या ग्रेट कोस्टर्स इंटरनॅशनलने बांधलेला लाकडी कोस्टर, उंची ४० मीटर, वेग शंभराच्या घरात, लांबी १०५० मीटर. आकडे सिल्व्हर स्टारपुढे काहीच नाहीत, पण माझ्या मते घरच्यांबरोबर करायचा कोस्टर हाच. पहिल्या उतारानंतर एकही जागा सरळ नाही, सतत वळण, खाली, तिरकं, बोगदा, लाकडाच्या खांबांच्या जंगलातून इतक्या जवळून की आपोआप हात खाली घेतले जातात. (आपटत काही नाही, अंतर नीट राखलेलं असतं, पण मेंदूला कोण सांगणार.) लाकडी म्हणजे अंग खिळखिळं होणार असं बऱ्याच जणांना वाटतं, हा खडखडतो जरूर पण दुखवत नाही, निदान पुढच्या अर्ध्या भागात तरी. मागे जास्त हादरतो. आवाज, लाकडाचा वास, सगळं आलं. मुलगी, भाचा, बायको, मी, चौघंही यात एकत्र बसू शकलो आणि चौघंही एकाच जागी ओरडलो. जमलं तर सकाळी एकदा आणि उन्हं उतरताना एकदा करा, दिवसभर चालून चाकं-रूळ गरम झाले की लाकडी कोस्टर जरा जास्त सुसाट पळतात आणि ते जाणवतं.

पाण्याचे दोन, पोसायडन आणि अटलांटिका सुपरस्प्लॅश. अटलांटिकात भिजण्यापेक्षा मजा जास्त, पोसायडनमध्ये बऱ्यापैकी भिजता. दुपारच्या उन्हात करा आणि पोरांसाठी एक कपड्यांचा जोड सोबत ठेवा, मोजेसुद्धा, मोजे सगळे विसरतात.

आजी-आजोबांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. बाबांना बीपी आहे, म्हणून मोठ्या कोस्टरचा विषयच नाही. पार्कात जमिनीवरून फिरणारी आगगाडी आणि वरून जाणारी मोनोरेल दोन्ही आहेत, तिकिटातच येतात, आई-बाबांनी त्यातून अख्खं पार्क आरामात बघितलं. चालणं मात्र खूप आहे, गुडघ्याचा त्रास असेल तर मधल्या विश्रांतीच्या जागा आधीच ठरवा. मूल लहान असेल आणि आई-बाप दोघांनाही बसायचं असेल तर प्रवेशाशी बाळ-अदलाबदलीची सोय विचारा, एक जण बसतो, एक सांभाळतो, मग दुसऱ्याला परत पूर्ण रांग लावावी लागत नाही.

रांगांबद्दल. अ‍ॅपवर प्रत्येक राईडचा वेटिंग टाईम दिसतो, काही राईड्सना अ‍ॅपवरून व्हर्च्युअल नंबर लावता येतो, आणि काही मोठ्या कोस्टरला एकट्या माणसाची वेगळी रांग असते, भाच्यासारखा "मी एकटा बसतो, चालेल" म्हणणारा असेल तर त्याचे कितीतरी तास वाचतात. विजा चमकायला लागल्या की उंच कोस्टर बंद करतात, जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी उशिरा वळीव येतो तसा पाऊस येऊ शकतो, म्हणून जे करायचंच आहे ते दुपारपर्यंत उरकून घ्या. चष्म्याला दोरी, आणि खिशात काहीही ठेवू नका.

खायचं म्हणाल तर शाकाहारींची उपासमार होत नाही, पिझ्झा, पास्ता, फ्राईज सगळीकडे. केझ-श्पेट्झले नावाचा चीज घातलेला स्थानिक प्रकार छान लागतो पण त्याच्या पिठात अंडं असतं, अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. फूडलूप नावाचं रेस्टॉरंट आहे, तिथे जेवण वरून रुळावरून घरंगळत, लूप मारून टेबलावर येतं, पोरांसाठी भारी पण दुपारी एक वाजता जाऊ नका. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं नेलेलं, आजी-आजोबा त्यावर खूश.

जायचं कसं. स्टुटगार्टकडून गाडीने आठ नंबरचा आउटोबान (महामार्ग), मग पाच नंबर, आणि ५७बी ला बाहेर पडा, पार्किंगचे पैसे वेगळे. रेल्वेने यायचं तर ओफेनबुर्ग आणि फ्रायबुर्गच्या मधलं रिंग्सहाइम स्टेशन, तिथून पार्कापर्यंत बस, लोकल गाड्यांना डॉइचलांड-टिकेट (जर्मनीभर लोकल गाड्यांना चालणारा महिन्याचा पास) चालतं. तिकीट तारखेचं असतं, ऑनलाइनच काढा, सुट्टीच्या दिवसांत आयत्या वेळी मिळेलच असं नाही. चार वर्षांखालच्यांना तिकीट नाही. साधारण मार्चअखेर ते नोव्हेंबरची सुरुवात हा मुख्य हंगाम, हिवाळ्यातही नाताळच्या आसपास उघडं असतं आणि रोषणाई सुंदर असते, पण कडाक्याच्या थंडीत बाहेरचे काही कोस्टर बंद राहू शकतात, म्हणजे फक्त कोस्टरसाठी जाणाऱ्यांनी हिवाळा टाळा.

शेजारचं रुलांटिका वॉटर पार्क वेगळं, तिकीटही वेगळं. एकाच दिवसात दोन्ही करायच्या भानगडीत पडू नका. दोन दिवस असतील तर रुस्ट गावात राहा, पार्काची हॉटेलं महाग आहेत पण गावात घरगुती गेस्टहाऊस भरपूर आहेत, चालत गेटवर पोचता येतं आणि सकाळच्या पहिल्या व्होल्ट्रॉनसाठी लवकर उठायची कटकट राहत नाही.